रात्रीच्या टेकडीसाठी दिवे: खारघरच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, दसरा

सकाळी दोन्ही सायकली धुतल्या, साखळ्यांना तेल दिलं, हॅण्डलला झेंडूची माळ बांधली. आईने सायकलींबरोबर पंपाला आणि पाना-पेटीलाही हळदकुंकू लावलं. मुहूर्त चांगला आहे, म्हणून हे काम आजपासून तारखेनिशी लिहून ठेवते.

काम एवढंच: मला आणि भाच्याला नवी मुंबईतल्या खारघर टेकडीवर अंधार पडल्यावर सायकल चालवता यावी, असे दिवे निवडायचे. महाप्याच्या कारखान्यातून घरी पोचेपर्यंत मला साडेसात होतात आणि त्याचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे. सूर्य आत्ताच सव्वासहाला मावळतोय. दिवसाउजेडी हातात येतो तो फक्त रविवार, आणि रविवारी टेकडीवर माणसंच माणसं असतात.

रस्ता ठरलेला आहे. चाफेवाडीकडे चढणारा डांबरी रस्ता, आणि वर गेल्यावर वाडीच्या अलीकडची मुरमाची गाडीवाट. रानात घुसायचं नाही.

दोघांचा मिळून खर्च आठ हजारांच्या आत. घरात आहे तो ट्रेकिंगचा हेडटॉर्च, ५०० ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप). तोच हेल्मेटला पट्ट्याने बांधला आहे. उद्या नेऊन बघते.

१३ ऑक्टोबर, रविवार

पडले. डावा कोपर आणि गुडघा सोलवटला, बाकी ठीक.

कसं झालं ते नीट लिहिते, कारण सगळं काम आता यावरच उभं राहणार आहे. चढताना काही अडचण नव्हती. उतरताना मुरमाच्या वाटेवर वेग पंधरा-सोळा असेल. समोर वीस-पंचवीस मीटरपर्यंत स्वच्छ उजेड होता, दगड दिसत होते, गवत दिसत होतं. पावसाने वाटेच्या मधोमध वीतभर खोल घळ पाडली आहे. तीही माझ्या उजेडातच होती, पण पुढचं चाक तिच्यात जाईपर्यंत मला ती घळ म्हणून दिसलीच नाही. सपाट मातीचा पट्टा वाटला.

भाचा म्हणाला, "मावशी, दोन हजार ल्यूमेनचा घेऊ या." माझंही पहिलं मन तेच म्हणत होतं. पण उजेड कमी नव्हता. काहीतरी वेगळं चुकतंय.

१४ ऑक्टोबर, सोमवार

रात्री जेवणं झाल्यावर परातीत गव्हाचं पीठ पसरलं आणि बोटाने एक चर ओढला. स्वयंपाकघरातला दिवा बंद केला.

मोबाइलचा टॉर्च कपाळाला टेकवून पाहिलं: परात पांढरी सपाट. चर कुठे आहे ते माहीत असूनही शोधावा लागला. तोच टॉर्च हनुवटीच्या खाली, छातीपाशी आणला, तर चराची अलीकडची कड काळी पडली आणि खोली उभी राहिली. परातीच्या काठापाशी आणला, तेव्हा पिठातले बारीक खडेसुद्धा सावल्या टाकू लागले.

कारण सोपं आहे. दिवा डोळ्यांच्या जवळ असला की प्रत्येक वस्तूची सावली त्या वस्तूच्याच मागे लपते. आपण बघतो त्याच रेषेत उजेड जातो, त्यामुळे खड्ड्याच्या ज्या भिंतीवर सावली पडायला हवी ती भिंत आपल्याला दिसतच नाही. दिवा खाली गेला की उजेडाची रेषा आणि नजरेची रेषा यांच्यात कोन पडतो, आणि सावली दिसू लागते. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांपासून जेमतेम दहा-बारा सेंमी वर. हॅण्डलवरचा दिवा डोळ्यांच्या अर्धा मीटर खाली.

आईने परात बघितली, मग माझा गुडघा बघितला आणि म्हणाली, "पीठ चाळून परत डब्यात भर." भरलं.

म्हणजे पहिली खरेदी ठरली: हॅण्डलचा दिवा, रुंद झोताचा. हेल्मेटवरचा आहे तोच राहू दे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन आले. हार्बर लोकलने कुर्ला, तिथून दादर, मग ग्रँट रोड. दिवाळी तोंडावर असल्याने सगळीकडे माळा आणि तोरणं. सायकलचे दिवे दोन-तीन ठिकाणी होते, आणि खोक्यांवरचे आकडे वाचून मी चक्रावले. ८००० ल्यूमेन, १२००० ल्यूमेन, किंमत नऊशे रुपये.

इथे हिशोब करायला हवा. चांगला एलईडी दिवा, आतलं सर्किट आणि काच धरून, एका वॉटला साधारण १०० ल्यूमेन देतो. म्हणजे १००० ल्यूमेनला १० वॉट आणि ८००० ल्यूमेनला ८० वॉट. आता बॅटरी बघू. १८६५० नावाचा सेल, म्हणजे १८ मिमी व्यास आणि ६५ मिमी लांबी, चांगल्यात चांगला घेतला तरी ३५०० एमएएचच्या (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आसपास. त्याला ३.६ व्होल्टने गुणलं की साडेबारा वॉट-तास. असे दोन सेल म्हणजे २५ वॉट-तास. ८० वॉटचा दिवा त्यावर वीस मिनिटंही चालणार नाही, आणि मुठीएवढ्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून ती उष्णता बाहेर कशी जाणार? ते खोकं खोटं बोलतंय हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही, गुणाकार पुरतो.

एका दुकानात सेलवरच ९९०० एमएएच छापलेलं होतं. हातात घेतल्याबरोबर हलका लागला. चांगला १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. मी खिशातून घरचा दागिने मोजायचा छोटा काटा काढला: ३१ ग्रॅम. परत ठेवला. या बाबतीत मला राग येतो, कारण असल्या सेलमध्ये नुसता उजेड कमी मिळत नाही. आत संरक्षणाचं सर्किट नसतं, आणि लिथियमचा सेल जास्त चार्ज झाला किंवा आतून शॉर्ट झाला तर पेटतो. आणि ही वस्तू माणसं रात्रभर उशाशी चार्जिंगला लावतात.

शेवटी जो घेतला त्यावर छापलंय १२०० ल्यूमेन, मधली पायरी ६००, खालची २५०. आत दोन १८६५० सेल, ते बदलता येतात, टाइप-सी चार्जिंग. पाण्यासाठी आयपीएक्स४, म्हणजे चारी बाजूंनी उडणारं पाणी सोसतो, बुडवायचा नाही. पावसाळ्यात आम्ही टेकडीवर जाणारच नाही, तेव्हा यावर जास्त पैसे घातले नाहीत.

रंगाचं मात्र विचारून घेतलं. एकाच बनावटीचे दोन नमुने होते, एक ६५०० केल्विनचा निळसर पांढरा, एक ४००० केल्विनचा किंचित पिवळट. दुकानदार म्हणाले, "मॅडम, पांढराच घ्या, जास्त लागतो." ल्यूमेन त्यात थोडे जास्त असतात हे खरं. मी पिशवीत टेकडीवरचा मुरूम आणि वाळकं गवत नेलं होतं, ते काउंटरवर ठेवून दोन्ही दिवे मारले. निळसर उजेडात मुरूम आणि गवत दोन्ही राखाडी दिसलं. पिवळट उजेडात मुरूम लाल दिसला आणि गवत सोनेरी. वाटेत गवत कुठे संपतं आणि मुरूम कुठे सुरू होतो हेच मला वेगात ओळखायचं आहे. पिवळट घेतला. दोन नग, प्रत्येकी २,६००.

२० ऑक्टोबर, रविवार

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, रात्री अकरानंतर, भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी करून मोजमाप. मोबाइलमधलं लक्सचं ॲप अचूक नसतं, पण एकाच फोनने दोन दिव्यांची तुलना करायला चालतं.

झोताच्या मध्यावर हॅण्डलचा दिवा १४० लक्स, हेल्मेटचा ३२० लक्स. ल्यूमेन बघावेत तर हॅण्डलवाला दुपटीहून जास्त! ल्यूमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघतो, आणि लक्स म्हणजे एका जागी किती पडतो. हेल्मेटचा झोत आवळलेला आहे, हॅण्डलचा पसरलेला. अंतर दुप्पट झालं की लक्स चौथाई होतो, म्हणून हेल्मेटचे ३२० लक्स ४० मीटरवर फक्त ५ उरतात. तेवढे वळणापलीकडचं झाड ओळखायला पुरतात.

हॅण्डल जमिनीपासून १ मीटर. झोताचा मध्य १२ मीटरवर जमिनीला टेकवायचा, तर ५ मीटरवरच्या भिंतीवर तो ५८ सेंमी उंचीवर पडला पाहिजे. भिंतीवर चिकटपट्टी लावून तसा बसवला आणि पकडीवर नेलपॉलिशची रेघ मारली, म्हणजे प्रत्येक वेळी पार्किंगमध्ये हे सगळं करायला नको.

रखवालदार काका दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा टेप धरायला बसले.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

किती वेळ चालतो याची चाचणी. पूर्ण पायरीवर नुसता टेबलावर ठेवला, तर सहा मिनिटांत उजेड साठ टक्क्यांवर आला. आधी वाटलं फसवलं. पण डबा इतका तापला होता की बोट टेकवत नव्हतं. दिवा स्वतःला वाचवायला उजेड उतरवतो. मग समोर टेबलफॅन लावला, म्हणजे सायकल चालते आहे असं समजायचं, आणि उजेड पावणेदोन तास टिकला. मधल्या पायरीवर तीन तास वीस मिनिटं. थांबल्यावर पूर्ण पायरी चालू ठेवायची नाही, हे भाच्याला सांगितलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

सायकल नाही. पण गच्चीवर फटाक्यांचा धूर इतका दाटला होता की दिवे आणून बघितलेच. हेल्मेट घातलं आणि समोर पांढरा पडदा उभा राहिला, पाण्याची टाकीही दिसेना. कपाळावरचा दिवा विझवून हातातला कमरेशी धरला, तर टाकी दिसली. धुराच्या कणांवरून उलटणारा उजेड सरळ डोळ्यांत येतो तो डोळ्यांशेजारच्या दिव्याचा. धुकं आणि धूळ यांतही हेच होणार. डिसेंबरात मुरूम सुकला की पुढच्या सायकलची धूळ मागच्याच्या तोंडावर असते, तेव्हा मागच्याने हेल्मेटचा दिवा बंद ठेवायचा.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी उजेडात ब्रेकची चाचणी. मुरमाच्या सपाट पट्ट्यावर रांगोळीची रेघ, भाच्याने शिट्टी मारायची आणि मी ब्रेक दाबायचा. शिट्टीपासून थांबेपर्यंत: ताशी २० किमीला साडेनऊ मीटर, २८ किमीला सोळा. शिट्टी येणार हे मला माहीत होतं, म्हणून हात तयार होते. अंधारात आधी दिसायला हवं, मग ते काय आहे हे कळायला हवं, मग हात हलणार. अर्धा सेकंद जास्त लागला तर २८ च्या वेगात आणखी चार मीटर जातात. म्हणजे वीस मीटरपर्यंत स्पष्ट दिसलं पाहिजे. त्याहून जास्त वेगाने आम्ही उतरणार नाही, मग आठ हजार ल्यूमेन कशाला हवेत?

रात्री साडेआठला दोन्ही दिवे लावून वर. हॅण्डलचा ६०० वर, हेल्मेटचा खालच्या पायरीवर. तीच घळ आली. या वेळी ती वीस पावलांवरूनच काळ्या रेघेसारखी दिसली, कड कुठे खचली आहे तेही कळलं. मी ब्रेकसुद्धा न लावता तिच्या उजवीकडून गेले. तिथे थांबून पाच मिनिटं तिच्याकडेच बघत बसले होते. मग गंमत म्हणून हेल्मेटचा दिवा पूर्ण वाढवला, तशी घळ पुसट झाली. वरचा उजेड खालच्याने पाडलेल्या सावल्या भरून टाकतो! म्हणजे दोन्ही दिवे असणं पुरेसं नाही, वरचा खालच्यापेक्षा मंद हवा. त्याचं काम वळणावर: हॅण्डल वळायच्या आधी मान वळते, आणि जिथे जायचं तिथे आधी उजेड पोचतो.

हेल्मेटच्या दिव्याचा आणखी एक उपयोग आज कळला. वाटेत दोन लाल निखारे जमिनीलगत चमकले. रातवा बसला होता. पक्षी मुरमाच्या रंगाचा, डोळे सोडले तर दिसलाच नसता. अशा डोळ्यांच्या आत आरशासारखा थर असतो, तो उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो. म्हणून ही चमक दिसते ती डोळ्यांजवळच्या दिव्याला, हॅण्डलच्या दिव्याला फारशी नाही. गवतात हिरवट ठिणग्याही दिसल्या, त्या कोळ्यांच्या डोळ्यांच्या. दिवे विझवून उभे राहिलो, रातवा उडाला, मग निघालो. सापाचे डोळे मात्र असे चमकत नाहीत, आणि फुरसं मुरमासारखंच दिसतं. पाय टेकवण्याआधी हॅण्डल त्या बाजूला वळवून बघायचं, हा नियम केला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, त्रिपुरी पौर्णिमा

आजची नोंद दिव्यांची कमी आणि माझ्या चुकीची जास्त आहे.

चांदणं लख्ख होतं. आम्ही उतरत होतो, वाडीतले एक आजोबा आणि त्यांच्या मागे डोक्यावर बोचकं घेतलेल्या एक बाई चढत येत होत्या. हातात दिवा नाही. आमचे चारही दिवे त्यांच्या तोंडावर. आजोबा जागीच थांबले, डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "बाई, उजेड खाली करा. पायाखालचं दिसंना झालं."

मी दोन्ही दिवे विझवले. ती दोघं तरीही उभीच राहिली. अंधाराला सरावलेले डोळे उजेडाने एका क्षणात जातात, आणि पूर्ण परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात. रोज याच वाटेने चांदण्यात चालणाऱ्या माणसांची नजर मी घालवली होती. आम्ही सायकली कडेला घेऊन थांबलो आणि माझा हॅण्डलचा दिवा काढून हातात, खालच्या पायरीवर, जमिनीकडे धरून त्यांच्याबरोबर वळणापर्यंत चालत गेलो. आजोबांनी विचारलं, "पडला होतात ना मागं? रक्त होतं दगडावर." त्यांना माहीत होतं.

जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलींना समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा, वरून कापलेला झोत नियमानेच लागतो. रानवाटेचे दिवे मात्र गोल झोताचे बनवतात, कारण डोक्यावर येणाऱ्या फांद्या दिसायला हव्यात. आमचे दिवे गोलच आहेत, तेव्हा जबाबदारी आमची. माणूस दिसलं की हेल्मेटचा दिवा लगेच बंद, हॅण्डलचा सर्वांत खाली, आणि थांबायचं. दिव्याचं बटण मी आजपर्यंत उजव्या बाजूला ठेवलं होतं, ब्रेकवरचं बोट काढावं लागायचं. दिवा डावीकडे सरकवला, आता अंगठा पोचतो.

परतताना सगळे दिवे बंद करून पाहिले. पौर्णिमेचा उजेड जेमतेम पाव लक्स असतो, तरी डांबरी रस्ता पूर्ण दिसत होता. वरून बेलापूर आणि तळोज्याचे दिवे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

ठाण्याच्या मामेभावाचा फोन. "येऊरला ये की रात्री, इथलं जंगल बघ." नाही म्हणाले. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे बिबटे आहेत, रात्री जंगलात जायची परवानगी नाही, आणि नसावी असंच मला वाटतं. त्याला खारघरला बोलावलंय.

३० नोव्हेंबर, शनिवार

उतारावर भाच्याचा हॅण्डलचा दिवा अचानक विझला. हादऱ्याने सेल सरकून टोकाचा संपर्क सुटला होता. हेल्मेटचा दिवा होता म्हणून तो सरळ थांबला. दोन दिव्यांची बॅटरी एकच असती तर काय झालं असतं, याचा विचार करून पोटात गोळा आला. दोन दिव्यांना दोन वेगळ्या बॅटऱ्या, हे आता पक्कं. एकाच मोठ्या बॅटरीवर दोन दिवे चालवणारा संच त्याने पाहून ठेवला होता, तो यादीतून काढला.

दुरुस्ती: सेलभोवती कागदी पुठ्ठ्याची एक घडी, पकडीखाली जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी. खडखड थांबली.

मागचा लाल दिवा: डांबरी रस्त्यावर स्थिर, वर वाटेवर सर्वांत मंद. लुकलुकणाऱ्या दिव्यामागून चालवताना मला पुढच्या सायकलचं अंतर ठरवता येत नव्हतं आणि दर क्षणाला डोळे दिपत होते.

१४ डिसेंबर, शनिवार

मामेभाऊ आला होता. स्वतःचा मोठा दिवा हेल्मेटवर लावून. मी काही बोलले नाही, घळीपाशी त्याला थांबवलं आणि आधी त्याचा दिवा, मग माझा हॅण्डलचा दाखवला. तो उतरून घळीत पाय घालून बघत होता, खोल आहे का म्हणून. मग त्याने तिथेच दिवा हेल्मेटवरून सोडवला आणि आमच्या ट्यूबच्या पट्टीने हॅण्डलला बांधला.

खर्च आजपर्यंत: हॅण्डलचे दोन दिवे ५,२००, भाच्यासाठी हेल्मेटचा एक १,१००, दोन जादा सेल ९००. एकूण ७,२००.

राहिलेलं काम: भाच्याच्या पकडीवर नेलपॉलिशची रेघ मारायची आहे. जादा सेलना प्लॅस्टिकची डबी, पिशवीतल्या किल्ल्यांना लागू नयेत म्हणून. आणि वाडीतल्या आजोबांना विचारायचं आहे की आठवड्यातल्या कोणत्या रात्री लोक जास्त येजा करतात, त्या रात्री आम्ही खालीच राहू.